मागच्या जहाजाचा वेग

केमीच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटामागं,
गेमचीही एक मांडणी आहे. चौदा दिवस घरी न्यायचे.
दुपारचे तीन, बाहेर काळोख,
माझ्या हातात तीन डबे
आणि डोक्यात हातांच्या तीन जोड्या.
ओत्सोचे, चौदा वर्षांचे, बटणांकडे न बघता बोलणारे.
माझे, दिवसभर लोकांच्या दाढा साफ करून आंबलेले.
आणि सासऱ्यांचे. उर्हो, वय अठ्ठ्याहत्तर,
डाव्या हाताची दोन बोटं
एका इंजिनानं कधीचीच ठेवून घेतलेली.

डब्यावर लिहिलेलं असतं: एक ते चार खेळाडू.
कोणते चार, ते कुणी लिहीत नाही.

शर्यतीचा नको, एवढं मला कळलंय.
पडद्याचे तुकडे होतात,
ओत्सो दोन फेऱ्या पुढं, मी भिंतीत,
आणि उर्हो उलट्या दिशेनं, निवांत,
विचारतात, ते पिवळं कसलं झाड?

उड्या मारायचाही नको.
तिथं पडदा एकच, आणि तो पुढच्याच्या मागं धावतो.
मागं राहिलेला कडेला घासतो, पुसला जातो,
मग बुडबुड्यात बसून तरंगत येतो
जिंकणाऱ्याच्या डोक्यावर,
कुणीतरी फोडेपर्यंत.
एका रविवारी उर्हो वीस मिनिटं बुडबुड्यात होते.
कॉफी प्यायले. म्हणाले, इथून छान दिसतं.
कंट्रोलर मात्र मांडीवरून हलवला नाही.
हे मला रात्री भांडी लावताना आठवलं.

मग मी लबाडी केली.
सेटिंगमध्ये एक खूण असते,
ती केली की राक्षस त्या एकट्याला चावत नाहीत,
खड्डे त्याच्यापुरते बुजतात.
कच्चं लिंबू. आउट नाही, राज्य नाही,
धावायचं तेवढं सगळ्यांबरोबर.
तीन संध्याकाळी ते डोंगर चढत गेले,
ओत्सो म्हणाला, आजोबा, सुटलात की!
चौथ्या संध्याकाळी त्यांनी मुद्दाम दरीत पाऊल टाकलं.
मागं घेतलं. परत टाकलं.
हवेत उभे.
'माझ्यासाठी फळी कुणी टाकलीय?'
ओत्सोनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या मोज्यांकडं.

रागावले नाहीत. बर्फ फोडणाऱ्या जहाजाबद्दल बोलायला लागले,
जे ते दर हिवाळ्यात बोलतात,
आणि आम्ही दर हिवाळ्यात ऐकत नाही.
'मागून लाकूड भरलेली बोट यायची.
आमचं इंजिन दांडगं, पण वेग तिचा.
फार पुढं गेलं तर वाट गोठते, ती अडकते.
अडखळलं तर ती येऊन आपल्याच पाठीत बसते.
सारखं रेडिओवर. तुझा किती, माझा किती.
ओढायची वेळ यायचीच. दोर बांधून ओढायचो.
पण झोपलेल्याला नाही ओढलं कधी.'
मग औषध घेऊन झोपायला गेले.

तिसरा डबा घेतला. वर पियानोचं चित्र,
जिना, आणि खाली भेदरलेलं मांजर.
पियानो सगळ्यांनी मिळून उचलायचा, बस्स.
मदतीची खूण होती. मी उर्होंना दाखवली.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती वाचली, दोनदा,
आणि म्हणाले, वेळ वाढवून घ्या. बाकी राहू दे.

पहिल्या रात्री पियानो अकरा वेळा पडला.
सात वेळा ओत्सोमुळं. त्याला वळणावर थांबता येत नाही,
इतकं येत असून.
एकदा मांजरावर. माझ्यामुळं.
दुसऱ्या मजल्याच्या वर आम्ही अजून गेलेलो नाही,
आणि परत करायची तारीख होऊन चार दिवस झाले.

उर्होंचं बोट खालच्या बटणावर टिकत नाही,
घसरतं. घसरायच्या आधी त्यांना कळतं.
म्हणून प्रत्येक वेळी ते सांगतात,
मोठ्यानं, धक्क्यावर उभं असल्यासारखं:
'सोडतोय!'
आणि आम्ही दोघं
आपापली बाजू जिन्यावर टेकवतो.